अर्धी धुतलेली गाडी

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा गाडी आमच्या इमारतीच्या मागे झाडाखाली उभी होती, आणि नंतर कितीतरी दिवस ती तिथून हललीच नाही. बाबा दवाखान्यातून घरी आले, आधी काठी घेऊन चालले, मग काठी कोपऱ्यात टाकून चालले, जिन्यात भेटेल त्याला विनोद सांगायला लागले. इकडे गाडीवर पानं, झाडाचा चीक, धूळ आणि समस्त पक्षीगणाची कृपा साठत राहिली. तिचा मूळ रंग गडद निळा आहे हे मुद्दाम आठवावं लागत होतं.

त्या टॅक्सीवर आमचं घर चालतं, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर त्या टॅक्सीवर बाबा चालतात. माझ्या जन्माच्या आधीपासून ते चालवतायत. त्यांची गिऱ्हाईकं ठरलेली आहेत, आणि त्यातली निम्मी तर बाबांशी गप्पा मारायला मिळतात म्हणूनच कुठे कुठे जायची कामं काढतात असा आईचा संशय आहे. आजारपणात बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरचे आवाज ऐकायचे आणि आम्हाला सांगायचे, याचा क्लच गेला, याने उगाच ब्रेक दाबला, हा नवशिका आहे. ऐकून ऐकून आम्हाला हसू यायचं आणि मग एकदम यायचं बंद व्हायचं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या तपासणीपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडी चालवायची की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. आमच्या घरात त्याला कुणी तपासणी म्हणतच नव्हतं. 'निकाल' म्हणायचे. निकालाच्या आधी पडदे धुऊ, निकाल लागला की मुख्याध्यापिका बाईंना फोन करू. या बाई म्हणजे बाबांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. बाबांना काय होईल असं कुणी विचारत नव्हतं, कारण बाबा ठणठणीत दिसत होते. हात चालत होता, पाय चालत होता, जीभ तर कधी थांबलीच नव्हती.

"गाडी आधी धुऊन ठेवायची," बाबांनी जाहीर केलं. "निकालाच्या दिवशी धुवायला घेतली तर संध्याकाळ होईल. मला दुपारीच बाहेर काढायचीय."

या कामाची सूत्रं मी ताबडतोब हातात घेतली. हल्ली मी सगळ्याच कामांची सूत्रं हातात घेते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचत नसे. यंदा वर्गाच्या बाईंनी कुणीच तयार नाही म्हणून मला वादविवादाला उभं केलं, मी बोलले, आणि बोलता बोलता मला असा काही शोध लागला की लोक ऐकतात. तुम्ही थांबला नाहीत तर लोक ऐकतात. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. बाबा मला भोंगा म्हणतात. आई म्हणते, बरी होतीस तशीच.

तर गाडी. बाबांची गाडी धुण्याची पद्धत म्हणजे एक बादली, भांड्यांचा साबण आणि स्वतःचं जुनं बनियन. मी त्यांना सांगितलं की भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, आणि रंगावर जो पॉलिशचा थर असतो तो त्याच्या लेखी तेलकटपणाच. दर वेळी तुम्ही गाडीची कातडी सोलताय. बाबा म्हणाले, इतकी वर्षं सोलली, अजून आत गाडीच आहे. मी म्हटलं, वर्षानुवर्षं एखादी गोष्ट चुकीची केली म्हणून ती बरोबर होत नाही. हे वाक्य वादविवादात टाळ्या घेऊन गेलं होतं. घरातही चाललं. आम्ही शाम्पू आणायला निघालो.

गाड्यांच्या सामानाचं दुकान आमच्याच रस्त्याला आहे. ते चालवणाऱ्या मावशी बाबांना ओळखतात, कारण बाबांनी त्यांच्याकडून वायपरपासून बल्बपर्यंत सगळं घेतलंय, शाम्पू सोडून. त्यांनी आधी बाबांना नीट न्याहाळलं, चांगले दिसताय म्हणाल्या, आणि आम्हाला शाम्पूच्या मांडणीपुढे उभं केलं.

मी बाटल्या उचलून मागचं वाचायला लागले. एकीवर ढगाएवढ्या फेसाचं चित्र होतं. मावशी म्हणाल्या, फेस बघून घेऊ नकोस, फेस तर दाढीच्या साबणालाही येतो. फेस कशासाठी, तर स्पंज घसरावा आणि कचरा रंगावर घासला जाऊ नये यासाठी. ना आम्ल ना क्षार असा, न्यूट्रल लिहिलेला शाम्पू घे, पॉलिशला धक्का लावत नाही तो. आणि बुचभरच टाकायचा बादलीत, जास्त टाकलास तर सुकल्यावर डाग पडतील. एकात पाणी लागतच नाही असं लिहिलं होतं, नुसतं फवारायचं आणि पुसायचं. त्यावर मावशींनी फक्त विचारलं की गाडी किती घाण आहे, आणि मी पक्ष्यांचा विषय काढल्यावर ती बाटली माझ्या हातातून काढून परत ठेवली.

बाबा मांडणीच्या बरोबर मधे उभे होते. ते म्हणाले, "एवढं बोलताय, पण तुमच्याकडे आहेत किती? हा निळा आणि हा पिवळा. दोनच तर आहेत."

मावशी हसल्या. "अहो, आख्खी रांग आहे. चष्मा घरी राहिला वाटतं."

बाबांनी मान वळवली. त्यांच्या डावीकडे खरंच आख्खी रांग होती, हिरव्या, लाल, पांढऱ्या बाटल्यांची. बाबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आत्ता मांडल्यात, मी काय बोललो की लगेच." आम्ही तिघंही हसलो. मीच सगळ्यात मोठ्याने हसले. पांढऱ्या बाटलीतला साधा शाम्पू, हातमोज्यासारखा घालायचा मऊ स्पंज आणि दोन जाड, लोकरीसारखी फडकी घेऊन आम्ही घरी आलो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी ढकलत सावलीच्या मोकळ्या जागेत आणली. उन्हात धुवायची नाही, कारण साबण वाळतो, हा नियम मी बाबांना सांगितला. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काका खिडकीला हनुवटी टेकून बसले. त्यांच्याकडे गाडी नाही, पण मतं भरपूर. कपड्यांची पावडर वापरा, ते म्हणाले, थोडं रॉकेल टाका. मी त्यांना दोन बादल्यांचा सिद्धांत ऐकवला. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. गाडीवरून फिरवलेला स्पंज आधी नुसत्या पाण्यात पिळून काढायचा, मगच शाम्पूत बुडवायचा, नाहीतर काढलेली वाळू आपणच परत रंगावर घासतो. काका म्हणाले, हे म्हणजे अंघोळीआधी अंघोळ. बाबा म्हणाले, काका, तुम्ही तीही करत नाही. खिडकी जरा वेळ शांत झाली.

चाकं आधी, कारण ती सगळ्यात घाण, आणि त्यांना वेगळा ब्रश. मग पाइपाने नुसतं पाणी, वरून खाली, म्हणजे सुटी धूळ आपोआप घसरून जाते. मग छतापासून शाम्पू, सरळ रेघांत, गोल गोल नाही. गोल घासलं की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. हे सगळं मी सांगत होते आणि बाबा ऐकून घेत होते, आणि मधेच त्यांनी मला एक गोष्ट शिकवली जी कुठेही लिहिलेली नव्हती. पाणी मारून झाल्यावर त्यांनी माझा तळहात धरून दरवाजावरून हलकेच फिरवला. "काय कळतंय?" त्यांनी विचारलं. बारीक खरखर कळत होती. "ती जाईपर्यंत घासायचं नाही, भिजवायचं," बाबा म्हणाले. "घाई झाली की माणूस घासतो."

त्या आजारानंतर बाबा इतके खूश मी पाहिले नव्हते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळावर फेस. छत माझ्याकडे होतं, कारण स्टुलावर चढायला बाबांना मनाई होती. बॉनेट त्यांनी स्वतःकडे घेतलं. बॉनेट म्हणजे गाडीचा चेहरा, म्हणाले, चेहरा मालकाने धुवायचा. ते गाडीच्या समोर उभे राहिले आणि मन लावून धुवायला लागले. स्पंज, नुसतं पाणी, शाम्पू, परत स्पंज. शिट्टी वाजवत होते.

"झालं," ते म्हणाले.

मी स्टुलावरून खाली बघितलं. बॉनेट अर्धं झालं होतं. मधोमध एक रेघ ओढावी तसं. एका बाजूला निळा रंग चकचकत होता, दुसऱ्या बाजूला, ड्रायव्हरच्या बाजूला, चीक आणि पक्ष्यांचे पांढरे डाग होते तसेच.

"अर्धं कुणासाठी ठेवलंय?" मी विचारलं. "पोस्टमास्तर काकांना वाटा?"

"कुठलं अर्धं?"

"हे काय."

मी उतरून हात लावून दाखवलं. बाबांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, तू वरून घाण पाडलीस. मी म्हटलं, वाळलेली घाण कशी पाडेन मी? ते म्हणाले, भोंग्याशी वाद नको, आणि तेवढा भाग धुऊन टाकला. मीही विसरले. म्हणजे विसरायचं ठरवलं. ड्रायव्हरच्या बाजूला पायांत पाइप येत होता, म्हणून राहिलं असेल.

मग ते मागे गेले, डिकी धुवायला. मी तोवर आरसे करत होते. शिट्टी थांबली, झालं म्हणाले, आणि मी मागे जाऊन पाहिलं तर डिकीही अर्धीच. पण आता राहिलेला भाग ड्रायव्हरच्या बाजूचा नव्हता. उलट्या बाजूचा होता. तिथे पाइप नव्हता, काहीच नव्हतं. धुतलेला दिवा लाल भडक, आणि दुसरा दिवा धुळीने राखाडी.

मला कळायला थोडा वेळ लागला. पुढे उभं राहिलं की ड्रायव्हरची बाजू आपल्या डावीकडे येते. मागे उभं राहिलं की दुसरी बाजू डावीकडे येते. गाडीची बाजू बदलली होती. बाबांची बदलली नव्हती.

बाबा वाकून फडकं पिळत होते तेव्हा मी नुसत्या पाण्याची बादली उचलून त्यांच्या डाव्या पायाशी ठेवली. अगदी पायाशी, हात लांब केला तरी लागेल अशी. बाबा सरळ झाले, स्पंज हातात, आणि इकडे तिकडे बघायला लागले. इकडे तिकडे म्हणजे फक्त इकडे. उजवीकडे, आणखी उजवीकडे.

"बादली कुठे नेलीस गं?"

मी बादली उचलून त्यांच्या उजवीकडे ठेवली. "ही काय," मी म्हटलं.

"खेळ करू नकोस, साबण वाळेल," बाबा म्हणाले, आणि तो माझाच नियम होता.

मला खात्री करून घ्यायची नव्हती, पण मी केली. परत डावीकडे ठेवली. बाबांनी परत शोधली. ते चिडले, म्हणाले, जरा बरं वाटलं की बापाची थट्टा सुरू. ते खोटं बोलत नव्हते. लपवत नव्हते. त्यांच्या लेखी बादली तिथे नव्हती, आणि गाडी धुऊन झाली होती. राहिलेला अर्धा भाग मी एकटीने धुतला, सगळ्या नियमांनी, आणि जाड फडक्याने टिपून काढला. खिडकीतून पोस्टमास्तर काका म्हणाले की काही का असेना, गाडी नवरीसारखी दिसतेय. बाबा तिच्याभोवती फेरी मारून आले आणि त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

संध्याकाळी आई शिलाई मशीनवर बसली होती. ती लोकांचे पडदे शिवते. बाबा झोपले होते. मी दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं, दुकानातल्या रांगेपासून बादलीपर्यंत. मला वाटलं, ती दचकेल. तिने पडद्याची दुमड पूर्ण केली, दोरा दाताने तोडला आणि मग पायडलवरचा पाय काढला.

"ताटाचं माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली.

घरी आल्यापासून बाबा ताटाचा अर्धाच भाग खायचे आणि उठायचे. भूक नाही वाटतं, असं तिला आधी वाटलं. मग ती मधेच काहीतरी वाढायच्या निमित्ताने ताट फिरवायला लागली, आणि बाबा उरलेलंही खायला लागले. एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. आई सांगत गेली तसं मला आमचं घर परत एकदा दिसायला लागलं. बाबांचा पलंग तिने भिंतीला लावून फिरवला होता, हवा चांगली येते म्हणून. भिंत त्यांच्या डावीकडे होती. कंगवा, चष्मा, पाण्याचा तांब्या, टीव्हीचा रिमोट, सगळं उजवीकडे. जेवताना ती स्वतः उजवीकडे बसायची आणि मला तिच्या शेजारी बसवायची. दाढी करून आले की गाल बघू म्हणायची आणि डावा गाल स्वतः करून द्यायची. मला वाटायचं, आजारपणाने दोघांचं प्रेम वाढलं. मी मैत्रिणींना सांगितलंही होतं.

म्हणून तर घरात कधी काही सांडलं नव्हतं, कुणी कशाला धडकलं नव्हतं. आईने घराचा अर्धा भागच काढून टाकला होता आणि बाबांना उरलेल्यात सुखाने ठेवलं होतं.

मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायला हवं. आई म्हणाली, होईल हळूहळू कमी, अजून दिवसच किती झालेत. मी म्हटलं, गाडी चालवणार आहेत ते. मग तिने जे सांगितलं ते तिने नीट विचार करून ठरवलेलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"मी बसेन शेजारी. रोज. त्यांच्या डावीकडचीच सीट आहे ना ती? मी बघत जाईन आणि सांगत जाईन. गिऱ्हाईकं मागे बसतात."

"आणि कुणी डावीकडून रस्ता ओलांडत असेल तर? तू सांगेपर्यंत?"

"मी आधीच सांगेन."

"आई."

"गाडी काढून घेतली तर त्या माणसाकडे काय राहील, सांग मला," आई म्हणाली. "वादविवादात जिंकतेस ना, सांग."

तिने मशीन परत सुरू केलं.

निकालाच्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीची किल्ली बोटात फिरवत तयार होते. गाडीनेच जाऊ, म्हणाले, हॉस्पिटलच्या दारातच परवानगी घेऊ. आई चप्पल घालत होती. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं की मी गाडीत बसणार नाही. बाबांनी विचारलं, का, तुझ्या शाम्पूचा वास येतो? मी म्हटलं, बसणार नाही आणि तुम्हालाही बसू देणार नाही. आवाज मोठा झाला असणार, कारण खालच्या खिडकीतून पोस्टमास्तर काकांनी डोकं बाहेर काढलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग ती बाबांना म्हणाली, "अहो, आज बसने जाऊ. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नियम म्हणजे नियम." बाबांनी किल्ली खिशात टाकली. पोरगी नियमांची भारीच झालीय, असं ते जिन्यात दोघांना-तिघांना सांगत खाली उतरले.

डॉक्टर बाई घाईत होत्या पण बऱ्या होत्या. त्यांनी बाबांना हात दाबायला सांगितला, रेषेवरून चालायला सांगितलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. बाबांनी सगळं केलं, वर विनोदही केला. मग बाईंनी समोर बसून दोन्ही हात पसरले आणि कुठलं बोट हलतंय ते विचारलं. एकदा उजवं हललं, एकदा डावं, परत डावं. बाबांनी सगळी बरोबर सांगितली. मला वाटलं, मीच चुकले. मला तेव्हा चुकायचंच होतं.

"घरी काही अडचण?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले.

बाईंनी आईकडे पाहिलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काही नाही," ती म्हणाली.

बाईंनी पेन उचललं. मी उठून उभी राहिले. वर्गात उत्तर द्यायला राहतात तशी, आणि का उभी राहिले मला माहीत नाही.

"डॉक्टर, बाबा गाडी अर्धीच धुतात."

बाबा हसले. ही आमचा भोंगा, म्हणाले, हिच्याकडे लक्ष देऊ नका, दुसऱ्यांनी धुतलेलं हिला पसंतच पडत नाही. बाईही हसल्या. पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, कुठला अर्धा भाग राहतो?

"त्यांच्या डाव्या हाताचा. पुढून धुतली तर ड्रायव्हरची बाजू राहते. मागून धुतली तर दुसरी. आणि बादली डावीकडे ठेवली तर त्यांना सापडत नाही."

आता कुणी हसलं नाही. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि परत हात पसरले. या वेळी त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी हलवली.

"कुठलं?"

"उजवं," बाबा म्हणाले. एकदम खात्रीने.

बाईंनी परत दोन्ही हलवली. बाबांनी परत उजवं सांगितलं. मग बाईंनी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवून तुमची गाडी काढा म्हणून सांगितलं. समोरून दिसते तशी. बाबांनी मोठ्या हौसेने काढली. ते चित्र चांगलं काढतात, लहानपणी मला खूप गाड्या काढून द्यायचे. त्यांनी दिवा काढला, त्यातल्या रेघांसकट. आरसा काढला, काच, वायपर, चाक, बॉनेटची कड. नंबरप्लेटवर त्यांनी शेवटचे दोन आकडे लिहिले. पेनचं टोपण लावलं आणि कागद पुढे सरकवला.

कागदाची डावी बाजू कोरी होती. एक दिवा, एक आरसा, अर्धी काच.

"पूर्ण झाली?" बाईंनी विचारलं.

"झाली की. वायपरसुद्धा काढलाय."

आई पुढे वाकली. तिने कागद धरला आणि हळूच फिरवला, वरची बाजू खाली. कोरी जागा बाबांच्या उजवीकडे आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते खूप वेळ पाहत होते. त्यांनी बोट लावून कागद चाचपला, जणू गाडी त्यावर असेल आणि पुसट असेल. मग त्यांनी खिशातली किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि परत उचलून खिशात टाकली.

बाईंनी सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती, तिथे इजा झालीय. डोळे चांगले आहेत, पण डावीकडे जग आहे हेच मेंदू विसरतो, आणि विसरला हेही त्याला कळत नाही. व्यायाम असतात, शिकवणारे लोक असतात, काहींमध्ये बरीच सुधारणा होते. किती, ते त्या सांगू शकत नव्हत्या. गाडी चालवायची नाही. आता नाही, आणि पुढे कधी, ते आत्ता विचारू नका. त्या हे सगळं बाबांशी बोलत होत्या, पण बाबा कागदाकडेच बघत होते.

परतीच्या बसमध्ये शेवटची लांब सीट मिळाली. आई उजव्या खिडकीशी बसली, तिच्या शेजारी बाबा. मी सगळ्यात शेवटी चढले आणि बाबांच्या या बाजूला बसले. या बाजूला म्हणजे डावीकडे. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागत होता. बस निघाली.

"तुला माहीत होतं," बाबा आईला म्हणाले.

आईने मान हलवली.

"मग तू नाही बोललीस. तिला मात्र बोलायचं होतं. परक्या बाईसमोर." "घरात सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?"

"नसतं ऐकलं," आई म्हणाली.

"मला आज तिचं तोंड बघायचं नाही."

आईने त्यांच्यापलीकडून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले. मी मान हलवून नको म्हटलं. बाबांना जे माझ्यासमोर कधीच बोलता आलं नसतं ते ते माझ्यासमोर बोलत होते, आणि मला वाटलं, बोलू दे. भोंगा झाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला खूप होतं आणि मी एक शब्द बोलले नाही. ते म्हणाले की स्वतःच्या पोरीने त्यांना कामातून उठवलं. उद्यापासून आवाज ऐकून गाड्या ओळखायच्या आणि मरायचं, एवढंच राहिलं. आई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. एका थांब्यावर बरीच माणसं चढली, बस भरली.

बाबा एकदम ताठ झाले. त्यांनी समोर, उजवीकडे, गर्दीत पाहिलं.

"कुठाय ती? चढली ना?"

"चढली," आई म्हणाली.

"बघितलंस का तू? या गर्दीत खाली राहिली तर कळायचंही नाही."

"आहे. बसलीय."

"जागा मिळाली?"

"मिळाली."

बाबा मागे टेकले. त्यांचा डावा हात आमच्या दोघांच्या मधे सीटवर पडला होता, तळहात वर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मी त्यावर माझा हात ठेवला. बाबा आईच्या खिडकीतून बाहेरच्या गाड्या बघत राहिले.